वजन मुलाचं, वाढणारे हात सगळ्यांचे

चार वर्षांचा मुलगा, उंची १०३ सेंटिमीटर, वजन साडेवीस किलो. वयानुसार वजनाच्या तक्त्यावर त्याचा ठिपका हिरव्या पट्ट्यातच पडतो, कारण चार वर्षांच्या मुलासाठी त्या तक्त्यावरची वरची रेघ एकवीस किलोच्या थोडी पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांमध्ये उंचीनुसार वजनाचाही तक्ता आहे. त्यात १०३ सेंटिमीटरला मधलं वजन सव्वासोळा किलोच्या आसपास येतं आणि साधारण सव्वाएकोणीस किलोच्या पुढे ‘जादा वजन’ सुरू होतं. म्हणजे तेच मूल एका तक्त्यावर ठणठणीत आणि दुसऱ्यावर रेघ ओलांडून गेलेलं. घरी त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. एखाद्या डॉक्टरांच्या लक्षात आलंच, तर आईच्या हातात आहाराचा छापील कागद पडतो: साखर बंद, तळलेलं बंद, फळं-भाज्या द्या. तो कागद फ्रिजवर चिकटतो आणि तिथेच पिवळा पडतो.

आमचं म्हणणं या कागदाबद्दल आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या ताटात काय पडेल हे ते मूल ठरवत नाही, आणि खानदेशातल्या बहुतेक घरांत त्याची आईही एकटी ठरवत नाही. तिला एकटीला सल्ला देऊन घरी पाठवणं म्हणजे जिच्याकडे किल्ली नाही तिला कुलूप उघडायला सांगणं. उपचार घराला द्यावा लागतो: आजी-आजोबा, बाप, काका-काकू, सगळ्यांना एकत्र बसवून, ठरलेल्या बैठकांमध्ये, निदान सहा महिने. आणि हे काम खासगी दवाखान्यांच्या मर्जीवर न सोडता अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने अंगावर घेतलं पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पोरांच्या बरगड्या मोजता येतात, आणि आपण भुसावळ-अमळनेरच्या गुटगुटीत पोरांची चिंता करायची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५ टक्के मुलं खुजी आढळली. जादा वजनाची होती ४.१ टक्के. आकडा लहान आहे, पण चौथ्या फेरीत (२०१५-१६) तो १.९ होता. चार-पाच वर्षांत दुपटीहून जास्त. देशाचा आकडा याच काळात २.१ वरून ३.४ वर गेला.

कुपोषित मुलाच्या वाट्याचा एक रुपयाही इकडे वळवू नये, हे आम्हीही म्हणतो. पण ही दोन टोकं वेगवेगळ्या मुलखांतली नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की भारतीय नवजात बाळ वजनाला हलकं असतं, स्नायू कमी असतात, चरबी मात्र त्या मानाने राखलेली असते. असं हलकं जन्मलेलं बाळ दोन ते पाच या वयात झपाट्याने भरलं, तर त्याचं भरणं बरंचसं चरबीचं असतं, आणि पुढे मधुमेहाची वाट तिथूनच निघते. दुसरं असं की उंची खुंटलेली आणि वजन भरलेलं, असंही मूल आढळतं. बिस्किट, वेफर्स आणि गोड चहावर पोट भरतं, हाड वाढत नाही. त्या एकाच मुलात कमतरता आणि अतिरेक दोन्ही असतात. त्याला फक्त ‘कमी खा’ सांगणं घातक आहे, आणि ‘अजून खा’ सांगणंही.

इथे एक इशारा मध्येच देतो, कारण तो चुकला तर जीव जातो. आदिवासी भागात एखादं मूल अचानक गुबगुबीत दिसायला लागलं, गाल आणि पाय भरलेले वाटले, तर आधी दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावं. अंगठा काढल्यावर दोन्ही पायांवर खळगा राहिला, तर ती चरबी नाही, सूज आहे. सुजेचं कुपोषण हे तीव्र कुपोषणच, आणि त्या मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं.

आता, हे वय का? बाळाच्या अंगावरची चरबी वर्षभरानंतर हळूहळू उतरत जाते. वजन आणि उंची यांचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), पाच-सहा वर्षांपर्यंत खाली येतं, मग पुन्हा चढू लागतं. ज्या मुलात हा चढ लवकर, तीन-चार वर्षांतच सुरू होतो, त्याचं वजन पुढे जास्त राहण्याचा धोका मोठा. जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी लठ्ठ असलेल्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलं किशोरवयातही जादा वजनाची किंवा लठ्ठच होती. ‘उंची वाढली की आपोआप सुटसुटीत होईल’ हा आपल्याकडचा सर्वांत आवडता दिलासा. काही मुलं होतातही. तीन वर्षांच्या लठ्ठ मुलाबाबत मात्र त्या भरवशावर बसू नये.

पण या दिलाशात अर्धं सत्य आहे, आणि सगळा उपचार त्या अर्ध्या सत्यावरच उभा आहे. सुरुवातीचाच मुलगा घ्या. १०३ सेंटिमीटर आणि साडेवीस किलो म्हणजे बीएमआय १९.३. वर्षभरात त्याची उंची ११० च्या आसपास जाईल. वजन तेवढंच राहिलं, तर बीएमआय १६.९ वर येतो. किलोभर वाढलं, तरी १७.८. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या त्याच मानकांत पाच वर्षं पूर्ण होताना जादा वजनाची रेघ १८.३ च्या आसपास आहे. या वयाचं मूल वर्षाला साधारण दोन किलोने वाढतं. म्हणजे या मुलाचं वजन एक ग्रॅमही उतरवायचं नाही. वाढ निम्मी करायची, बाकीचं काम उंची करील. दिवसाला एक वाटी दूध आणि दोन बिस्किटं कमी झाली तरी हा फरक पडतो. उपाशी ठेवणं, पोळी-भात तोडणं, तेल शून्यावर आणणं, यातल्या कशाचीच गरज नाही. वाढत्या मेंदूला चरबी लागते. वजन प्रत्यक्ष उतरवण्याची वेळ फार लठ्ठ मुलाबाबत येते आणि तिथेही बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली महिन्याला अर्ध्या किलोच्या आत राहायचं असतं.

बैठका सुरू करण्याआधी कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं, हे सेविकेला ठाऊक असावं. जास्त खाऊन वजन वाढलेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असतं. जाड आणि ठेंगणं मूल दिसलं की थायरॉइडसारखं कारण तपासून घ्यावं. बोलणं-चालणं उशिरा आलेलं, वर्षाच्या आतच भरमसाट वाढलेलं, भूक कधीच न भागणारं, स्टेरॉइडची औषधं चालू असलेलं, रात्री घोरणारं किंवा मानेवर काळपट मखमली पट्टा आलेलं मूल, यांना आधी तपासणी. मानेवरचा तो पट्टा मळ समजून घासत बसणाऱ्या आया पुष्कळ आहेत.

आता घराकडे येऊ. अमेरिकेत बफेलो इथे टेरेसा क्वाट्रिन, लेनर्ड एपस्टीन आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या ९६ मुलांवर चाचणी केली. मुलाचं वजन जास्त आणि आई किंवा बाप यांपैकी एकाचंही जास्त, अशी ती घरं होती. सहा महिन्यांत दहा गटबैठका आणि आठ फोन दोन्ही गटांना सारखेच मिळाले, आहाराची आणि खेळाची माहितीही तीच. फरक एवढाच की एका गटातल्या पालकांना सवयी बदलण्याचं तंत्रही शिकवलं: नोंद ठेवणं, छोटं उद्दिष्ट ठरवणं, घरातल्या वस्तूंची मांडणी बदलणं, शाबासकी कशी द्यायची. आणि त्या पालकांनी स्वतःचंही वजन कमी करायचं होतं. या गटातल्या मुलांचा बीएमआय जास्त खाली आला, पालकांचं वजनही उतरलं. नुसती माहिती मिळालेले मागे राहिले. फ्रिजवरच्या कागदाचं जे होतं तेच. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात सहा वर्षांखालच्या मुलांच्या उपचाराच्या अवघ्या सात चाचण्या सापडल्या, एकूण ९२३ मुलं. पुरावा अजून थोडा आहे, हे मान्यच करायला हवं. पण जो आहे तो आहार, हालचाल आणि वागणूक तिन्ही एकत्र धरणाऱ्या उपचाराच्या बाजूचा आहे.

बफेलोचं घर म्हणजे आई-बाप आणि मूल. यावल-रावेरचं घर तसं नाही. म्हणून पहिल्या बैठकीत आहाराबद्दल एक शब्दही न बोलता फक्त हातांची यादी करावी. तीन दिवस, मुलाच्या तोंडात जे गेलं ते कोणाच्या हातून गेलं, एवढंच लिहायचं. यादी बहुधा अशी निघते. सकाळी सहाला आजोबांच्या चहात बुडवलेली दोन-तीन बिस्किटं. सातला आईने दिलेलं दूध, दोन चमचे साखर घातलेलं. अंगणवाडीतून किंवा नर्सरीतून येताना काकाने दुकानात थांबून घेतलेलं पाकीट. दुपारी आजीने मोबाइल समोर धरून भरवलेला वरणभात, ‘एक घास काऊचा’ करत दोन वाट्या. चारला चहा आणि खारी. संध्याकाळी बापाच्या पिशवीतली केळ्याच्या वेफर्सची पुडी. रात्री झोपताना पुन्हा दूध. या घरात कोणीच मुलाला जास्त खायला घालत नाही. प्रत्येक हात थोडंसंच देतो. पाच हातांच्या थोड्याथोड्याची बेरीज कोणीच केलेली नसते, आणि ती भिंतीवर लिहिली की आजीलाही धक्का बसतो. दोष कोणालाच द्यावा लागत नाही, सुनेला तर नाहीच. आम्हाला ही यादी सगळ्या उपचारातली सर्वांत मोलाची पायरी वाटते.

बेरजेत पहिला दिसतो तो प्यायचा गोडवा. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात, चार ते सहा वर्षांच्या मुलाला साडेतेराशेच्या आसपास. खानदेशात घरोघरी म्हशीचं दूध, १०० मिलिलीटरला शंभरच्या वर कॅलरी. पाव लिटरचा पेला आणि दोन चमचे साखर म्हणजे तीनशे. असे दोन पेले म्हणजे सहाशे, तीन वर्षांच्या मुलाची निम्म्याहून जास्त गरज. मग जेवणाला भूक लागत नाही, ‘पोर जेवतच नाही’ म्हणून आजी मोबाइल लावून भरवते, आणि वर दुधात पावडर सुरू होते. जादा दुधाचा आणखी एक तोटा असा की डाळ, भाजी, अंडं मागे पडतं आणि रक्त कमी होतं. दोन वर्षांनंतर दिवसाला ४०० मिलिलीटर दूध पुष्कळ झालं. बाटली पूर्ण बंद, दूध पेल्यातून. साखर एका दिवसात तोडू नये, मूल दूधच टाकून देतं. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलं की चार आठवड्यांत बिनसाखरेचं दूध चालू लागतं. चहा बंद. पॅकबंद फळांचा रस दूधसाखरेच्या जागी आणू नये. भारतीय बालरोग अकादमी दोन वर्षांखाली रस नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांत १२५ मिलिलीटरची मर्यादा घालते.

दुसरी पायरी वेळेची. तीन जेवणं आणि दोन मधली खाणी, दोनांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, अधल्यामधल्या वेळेला फक्त पाणी. काय, केव्हा आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, खायचं की नाही, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: मूल मागेल ते मागेल तेव्हा देतो आणि नको म्हणाल्यावर कोंबतो. लहान मुलाला पोट भरल्याचं कळत असतं. भरवून आणि पडद्यात गुंतवून आपण ती जाणीव मोडतो. मुलाला त्याचं छोटं ताट, पाव भाकरी, अर्धी वाटी वरण, दोन चमचे भाजी. परत मागितलं तर भाकरी-वरणच पुन्हा वाढायचं. आधीच डोंगर वाढून ‘ताट साफ कर’ म्हणायचं नाही. नवी भाजी दहा-पंधरा वेळा ताटात येईपर्यंत मूल तिला हात लावत नाही, आणि घरं तिसऱ्या वेळेलाच ‘त्याला आवडत नाही’ म्हणून मोकळी होतात.

जेवण बदलायला बाहेरून काही आणावं लागत नाही, हे खानदेशाचं भाग्य. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र. डाळ-तृणधान्याची अशी सांगड पुस्तकात शोधून सापडणार नाही. वांग्याचं भरीत मिरची घालण्याआधी मुलासाठी बाजूला काढावं. मुगाची पातळ उसळ, ताक, उकडलेलं अंडं, हिवाळ्यात कुस्करलेला हुरडा, पेरू, किसलेलं गाजर. आणि केळं. जळगावचं केळं वजन वाढवतं म्हणून बंद करणारे लोक आहेत, ही मोठी चूक. १०० ग्रॅम केळ्यात शंभराच्या आसपास कॅलरी, त्याच केळ्याच्या १०० ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या पुढे. मधल्या खाण्याला एक केळं उत्तम. शेंगदाणे मात्र चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे कधीच देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात; कूट द्यावं. बिबडे, कुरडया तळण्यापेक्षा भाजून.

तेलाचं मोजमाप मुलाच्या ताटात करू नये, घराच्या डब्यात करावं. शेवभाजीची तर्री, शेंगदाण्याच्या तेलाने निथळणारी खिचडी, तेलात सोडलेले डुबुकवडे हे घरच जेवतं. दर माणशी दिवसाला चार-पाच छोटे चमचे धरले, तर पाच जणांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटरच्या आत भागलं पाहिजे. महिन्याच्या एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढून ठेवणं हा एकच उपाय टिकतो. ‘तेल कमी वापरा’ हा सल्ला टिकत नाही. आखाजीची पुरणपोळी, आमरस, कानबाईचे रोट यांना हात लावू नये. वजन सणांनी वाढत नाही, सणांच्या मधल्या दिवसांनी वाढतं.

पाकिटाबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे. घरात आणायचंच नाही, हे खरं. पण कडक बंदी घातली की मुलाचं सगळं मन त्या पाकिटावर बसतं. आठवडे बाजाराच्या दिवशी एक वस्तू, मुलाने निवडलेली, सगळ्यांसमोर, बसून खाल्लेली. बाकी सहा दिवस घरात नाहीच, त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याची वेळ येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, आई दिवसभर वावरात असते आणि पाकीट हेच दुपारचं जेवण होतं. त्या काळासाठी सकाळीच भाकरीचा चुरमा किंवा केळं आणि उसळ डब्यात भरून ठेवणं, आणि तो डबा उघडणारा हात ठरवून ठेवणं, हे बैठकीत आधीच बोलून घ्यावं लागतं.

हालचालीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशी सरळ आहेत: तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १८० मिनिटं हिंडणं-खेळणं, त्यातली ६० दमवणारी; पडदा तासाच्या आत; झोप १० ते १३ तास. खानदेशात अडचण उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा ‘मुलाला बाहेर खेळवा’ म्हणणं बेजबाबदारपणाचं. मार्च ते जून सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी साडेसहानंतर. दुपारी घरात गाद्यांवर कोलांट्या, पाण्याच्या बादल्या, मोठ्यांबरोबर धान्य निवडणं, झाडू मारणं. झोपेचं गणित उन्हाळ्यात बिघडतं, गच्चीवर अकरा-बारापर्यंत गप्पा चालतात आणि मूल जागंच. कमी झोपलेलं मूल दुसऱ्या दिवशी जास्त आणि गोडच मागतं. मोबाइल एकदम काढून घेण्यापेक्षा आधी जेवणातून काढावा, दोन आठवड्यांनी झोपण्याच्या आधीच्या तासातून.

आता बिघडतं कुठे. सर्वांत जास्त बिघडतं पाचव्या दिवशी. बाटली किंवा पाकीट बंद केल्यावर रडणं पहिले चार-पाच दिवस वाढतच जातं, मग ओसरतं. पाचव्या दिवशी कोणीतरी विरघळतं, बहुधा आजोबा, आणि मूल शिकतं की पाच दिवस रडलं की मिळतं. पुढच्या वेळी ते सहा दिवस रडेल. म्हणून सुरुवात लग्नाच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यात करू नये, आणि ‘रडणं वाढेल, ते उपचार लागू पडल्याचं लक्षण आहे’ हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं. दुसरं, आजीचं चोरून देणं. ‘पोर सुकाई गयं’ (पोर वाळून गेलं) ही तिची भीती खोटी नाही. तिने आयुष्यात मुलं दगावलेली पाहिली आहेत. तिला रागावून उपयोग नाही. तिच्यासमोर दर महिन्याला उंचीची रेघ भिंतीवर ओढावी, पोर वाढतंय हे तिला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. देण्याचा तिचा आनंदही काढून घेऊ नये: चारचं केळं किंवा ताक हे आजीच्याच हातून, हे ठरवून टाकावं. तिसरं, वेगळं ताट. जाड्याला ताक आणि बारक्या भावाला वेफर्स, असं एका ओसरीवर चालत नाही. बारक्यालाही वेफर्सची गरज नाही, त्याला शेंगदाण्याचं कूट आणि तूप जास्त घाला. बापाने स्वतः सोफ्यावर शेव खात मुलाला नियम सांगणं तर पूर्ण वायाच. चौथं, ‘जाड्या’, ‘ढोल्या’ हे शब्द आणि गाल ओढणं. मुलासमोर वजनाचा उल्लेखच नको, तीन वर्षांच्या मुलाला तो कळतो आणि लागतो. पाचवं, रोज वजन. काटा महिन्यातून एकदा, तोही अंगणवाडीतला.

मोजमापात चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. काटा फरशीवर सपाट हवा, शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर नको. मुलाच्या अंगावर एक पातळ कपडा, कडं-पैंजण आणि चपला काढलेल्या. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, त्यावरच्या मुलाची उंची उभी करून. या दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. टाच, ढुंगण आणि डोक्याची मागची बाजू पट्टीला टेकलेली, मुलीची वेणी किंवा बो सोडलेला. उंची दोन सेंटिमीटर चुकली की मूल एका गटातून दुसऱ्यात जाऊन बसतं.

व्यवस्थेबद्दल आमचं मागणं मोजकं आहे. अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपमध्ये, पोषण ट्रॅकरमध्ये, उंची आणि वजन दोन्ही भरलं जातंच. कमी वजनाच्या मुलासाठी पुढची वाट आखलेली आहे: ग्राम बाल विकास केंद्र, पोषण पुनर्वसन केंद्र. जादा वजनाच्या मुलासाठी तशी वाट आखा. तीव्र कुपोषणातून सावरलेल्या मुलाचीही उंचीनुसार वजनाची नोंद पुढे वर्षभर पाहा, कारण भराभर वजन भरण्याचा आहार बरा झाल्यावरही चालू राहिला तर तो उलटतो. खासगी नर्सरी आणि केजीतली मुलं आज कोणाच्याच काट्यावर चढत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात, नर्सरीच्या दारावरून मात्र पुढे निघून जातात. शहरातली जादा वजनाची मुलं बरीचशी त्याच दारामागे आहेत.

खर्च आणि वेळेचा हिशेबही मांडू. अमेरिकन बालरोग अकादमीने २०२३ मध्ये अशा उपचारासाठी तीन ते बारा महिन्यांत समोरासमोरचे किमान २६ तास सांगितले. आपल्याकडे ते असे बसवता येतील: दीड तासाच्या बारा गटबैठका, प्रत्येक घरी तासाभराच्या सहा भेटी, पंधरा मिनिटांचे आठ फोन. फोनचे दोन तास धरले तर २६ भरतात. राज्याच्या सरासरीने पाहिलं तर चाळीस मुलांच्या अंगणवाडीत जादा वजनाची दीड-दोन मुलं निघतात, म्हणून आठ घरांच्या गटासाठी शेजारच्या चार-पाच अंगणवाड्या एकत्र कराव्या लागतील. बैठकांचे १८, आठ घरांच्या भेटींचे ४८ आणि फोनचे १६ धरून एका गटाचे तास भरतात ८२. पाच सेविकांत वाटले तर सहा महिन्यांत प्रत्येकीकडे सोळा-सतरा. हे तास फुकट मागू नयेत. मानधनासाठी या बायका डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत संपावर बसल्या होत्या; त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून मोकळं होणं अन्यायाचं ठरेल. तासाप्रमाणे वेगळा मोबदला, आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण बैठक कशी चालवायची याचं. पोषणाची माहिती त्यांना आहे.

सुरुवात जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या नागरी अंगणवाड्यांतून करावी. बैठक दुपारी नको, तेव्हा फक्त सून येते. संध्याकाळी साडेसातनंतर, वावरातून आणि दुकानातून माणसं परतल्यावर, बाजाराचा वार टाळून. आणि बोलावण्याची चिठ्ठी आजीच्या नावाने पाठवावी.